गाळाचं विरजण

आमच्या प्लांटवर पाहुणे आले की आधी नाकाला रुमाल लावतात आणि मग रुमालाआडून विचारतात, "तुम्हाला आता सवय झाली असेल ना?" मी हो म्हणते. खरं म्हणजे मैलापाण्याचा प्लांट नीट चालू असेल तर हवेच्या टाकीवर ओल्या मातीचा वास येतो. घाण वास आला तर काहीतरी बिघडलेलं असतं. पण हे समजावायला गेलं की समोरच्याला वाटतं, बाई स्वतःच्या पोराचं कौतुक सांगतेय. म्हणून मी हल्ली नुसतं हो म्हणते आणि चहा मागवते. तो चहा कुणी पीत नाही.

मी रेवती बोडके, भिवपूरच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची प्रमुख. शहराने सकाळी मोरीत आणि संडासात जे सोडलेलं असतं ते दुपारपर्यंत माझ्याकडे येतं आणि स्वच्छ होऊन सरवती नदीत जातं. नदीच्या खालच्या अंगाला दहिठणे आहे. दहिठण्याचे लोक तेच पाणी उपसतात, गाळतात, त्यात क्लोरीन घालतात आणि पितात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जेवणाच्या पंगतीत कुणी काढत नाही.

पाणी स्वच्छ करण्याचं काम जिवाणूंचं. टाकीतल्या तपकिरी गाळात त्यांच्या शेकडो जाती एकत्र नांदतात. कुणी खरकटं खातं, कुणी चरबी, कुणी लघवीतल्या अमोनियावर जगतं. अन्न भरपूर, अडचण श्वासाची. पाणी ऑक्सिजन नाखुशीनेच धरून ठेवतं, आणि गरम असलं तर आणखी कमी. म्हणून टाकीच्या तळाशी बारीक भोकांच्या रबरी चकत्या असतात आणि मोठे ब्लोअर रात्रंदिवस त्यांच्यातून हवा फुंकत राहतात. त्यातले बहुतेक बुडबुडे काही उपयोग न होता वर येऊन फुटतात. प्लांटच्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज या फुंकण्यात जायची, आणि ती कशी वाचवावी यावर जगभरचे इंजिनिअर डोकं शिणवत होते.

मग मितश्वासी आला. एका प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं निवड करत आणि जनुकांत थोडा हात घालत एक नवा जिवाणू तयार केला. पाण्यातला जो ऑक्सिजन इतर जिवाणूंच्या हाती लागत नसे, तोही हा पकडायचा. आधीच्या जेमतेम आठव्या हिश्शाच्या हवेवर हा एकटा सगळं करायचा, मैलाही खायचा आणि अमोनियाही. जोम असा की महिन्याभरात टाकीतल्या बाकी साऱ्या जातींना हुसकावून लावायचा. दादासाहेब खरमाटे, आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, त्याला योगी म्हणायचे. "मॅडम, ह्यो श्वास घेतोय का समाधी लावून बसलाय?" असं टाकीवर वाकून विचारायचे. मी हसायचे. त्याला एक छोटा ब्लोअर पुरायचा आणि मोठ्या ब्लोअरची खोली इतकी शांत झाली की तिथे कबुतरं राहायला आली.

वाचलेली वीज गेली गारवा केंद्राला. गेल्या काही वर्षांत उन्हाळा असा झालाय की सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्याच राहतात आणि म्हाताऱ्या माणसांचं शरीर रात्रीसुद्धा निवत नाही. घरोघरी कूलर आणि एसी लागल्याने वीज पुरेनाशी झाली आणि सरकारने सगळ्यांना कोटा ठरवून दिला. तेव्हा कुणाला तरी सुचलं की प्लांटची उरलेली वीज मार्केट यार्डातल्या जुन्या कांद्याच्या गोदामाला द्यावी, गोदामाच्या भिंती जाड कराव्यात आणि शहरातल्या म्हाताऱ्यांना तिथे गारव्यात ठेवावं. गोदाम आमच्या कुंपणाला लागूनच. प्लांटच्या लाइनवरून तिकडे केबल गेली आणि आमच्या पॅनेलमध्ये एक खटका बसला. खटका खाली असला की वीज गोदामाला, वर केला की मोठ्या ब्लोअरना. तो तीन वर्षं खालीच होता.

माझे अप्पा त्या गोदामात राहायचे. गुढीपाडवा झाला की पिशवी भरून निघायचे ते पावसाळ्यालाच परतायचे. अप्पा निवृत्त वायरमन. उभं आयुष्य विजेच्या खांबांवर गेलेलं, आणि आता हृदय निम्म्या ताकदीने चालणारं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उकाड्यात ठेवाल तर गमवाल. गोदामात ते गल्लीतल्या शेवंताबाई फाळक्यांबरोबर मेंढीकोट खेळायचे आणि पत्त्यांवरून भांडायचे. मी संध्याकाळी डबा घेऊन गेले की म्हणायचे, "रेवा, तुझ्या किड्यांना सांग, म्हातारा मजेत आहे."

आता विरजणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातून झालं.

नवा प्लांट सुरू करताना किंवा एखाद्या प्लांटचा गाळ मेला तर दुसरीकडून जिवंत गाळ आणून टाकीत ओततात. इंजिनिअर त्याला सीड म्हणतात, आमची माणसं विरजण. आणि विरजण मागायला आलेल्या शेजाऱ्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. प्रयोगशाळेची अट होती की मितश्वासी परवानगीशिवाय बाहेर द्यायचा नाही. तसा फलकही गेटवर होता. खरमाट्यांनी त्या फलकाला सायकल टेकवली आणि येईल त्याचा टँकर भरून दिला. शेजारच्या नगरपालिका आल्या, साखर कारखाने आले, दूध संघ आला, हाउसिंग सोसायट्या ड्रम घेऊन आल्या. "वाटीभर दह्याला कोण परवानगी मागतंय मॅडम," असं त्यांचं म्हणणं. मला ते आवडायचंही. दोन उन्हाळ्यांत सगळ्या जिल्ह्यात एकाच वाटीतलं दही लागलं. जुना शेकडो जातींचा गाळ सगळ्यांनी वाळवून शेतात टाकला. विजेचे कोटे उतरले आणि मोठे ब्लोअर भंगारात गेले.

रिकाम्या हाताने फक्त एक माणूस परत गेला. हमीद कुरेशी, गावाबाहेरच्या कत्तलखान्याचा छोटा प्लांट सांभाळणारा. तो दोनदा ड्रम घेऊन आला. पहिल्यांदा खरमाटे म्हणाले, टाकी साफ करतोय, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्यांदा म्हणाले, आत्ता गाळ पातळ आहे. दोन्ही वेळा गाळ चांगला दाट होता. खरमाटे दुष्ट नाहीत. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे त्यांच्या घरात आजीच्याही आधीपासून ठरलेलं, त्यांना स्वतःला ते दिसतही नसावं. तिसऱ्यांदा कुरेशी आलाच नाही.

मे महिन्यात एका सकाळी खरमाटे काचेचा जार घेऊन माझ्या टेबलाशी आले. टाकीतलं पाणी जारमध्ये ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. त्या जारमध्ये काहीच बसलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं.

"कधी भरला?"

"उजाडताना. आन् वास बघा मॅडम."

वास आला. रुमाल लावायचा वास.

सूक्ष्मदर्शकाखाली मितश्वासीच्या पेशी फुटलेल्या दिसल्या, नुसत्या रिकाम्या टरफलांचा ढीग. माणसाला जसे विषाणू होतात तसे जिवाणूंनाही होतात आणि प्रत्येक जातीचा विषाणू वेगळा असतो. मिसळलेल्या गाळात तो आला तर एक जात मरते, बाकीच्या तिची जागा भरतात आणि प्लांटवाल्याला पत्ताही लागत नाही. आमच्या टाकीत एकच जात होती आणि सगळ्या पेशी एकमेकींच्या हुबेहूब नकला. एकीला मारणारा विषाणू सगळ्यांना मारणारच होता.

फोन वाजायला लागले. पहिला साखर कारखान्याचा, मग दूध संघाचा, मग एकामागून एक नगरपालिकांचे. सगळ्यांचा प्रश्न एकच. "बोडके मॅडम, आमचा गाळ गेला. विरजण मिळेल का?" मी प्रत्येकाला तेच विचारत होते. दुपारपर्यंत खरमाटे कानाला फोन लावून खुर्चीत नुसते बसून राहिले.

शहराचा मैला आता जसाच्या तसा नदीत चालला होता. लोकांना वाटतं, पाण्यात क्लोरीन जास्त टाकलं की झालं. तसं होत नाही. मैल्यातला अमोनिया क्लोरीनला आधी धरतो आणि निकामी करतो. दहिठण्याचा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर क्लोरीन दुप्पट करत होता, तिप्पट करत होता, आणि नळाला मात्र त्याचा मागमूस नव्हता. आठवड्याच्या आत तिथल्या दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं झोपवलेली होती. जुलाब, उलट्या, मग कावीळ. उकळून प्या असं सांगायला गाडी फिरत होती, पण गॅस किती जाळणार? त्या उकाड्यात तहानलेलं पोर सरळ नळाला तोंड लावायचं. पहिली मुलगी गेली ती चार वर्षांची होती.

लांबच्या जिल्ह्यातून आणलेला गाळ हवेवाचून वाटेतच सडला असता. त्या दिवशी मी खरमाट्यांना म्हटलं, "गाडी काढा. कत्तलखान्यावर जाऊ."

वाटेत एकदा गाडी थांबवून त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

कुरेशीच्या प्लांटचा आवाज लांबूनच आला. त्याचा एकुलता जुना ब्लोअर बोंबलत होता. टाकीवर तपकिरी फेस होता आणि ओल्या मातीचा वास येत होता. मला त्या वासाने रडूच आलं. रक्त आणि चरबी पचवणारा, अमोनियाला सरावलेला, नाना जातींचा धडधाकट गाळ. विषाणू इथेही पोचला असणार, पण त्याला इथे खायला काही नव्हतं.

कुरेशी पायऱ्या उतरून आला. "या ताई. वाटलंच होतं, याल."

"तुम्हाला कळलं होतं?"

"सगळ्या जिल्ह्यात टँकर फिरत्यात. मला कुणी फोनसुद्धा केला न्हाई. म्हटलं, आपल्या गाळाचा अजून विटाळ होतोय."

खरमाटे खाली बघत म्हणाले, "कुरेशीभाई, त्या टायमाला मी..."

"राहू द्या दादा. दिलं असतं तर आज माझ्याकडंबी नसतं." तो माझ्याकडे वळला. "माझी पोरगी दहिठण्यात दिलीय. नातू दवाखान्यात हाय. लागंल तेवढा गाळ न्या. पण एक ध्यानात ठेवा, ह्यो तुमचा योगी न्हवं. ह्याला हवा लागती, दिवसरात. नव्या टाकीत धरूस्तोवर तर घटकाभरबी थांबता यायचं न्हाई. थांबलात की सडलाच."

ते मला माहीत होतं. गाडीत बसल्यापासून मी त्याचाच विचार करत होते. आमच्याकडे दोन मोठे ब्लोअर शिल्लक होते, ते उचलायला भंगारवाल्याची क्रेन आत येत नव्हती म्हणून राहिलेले. दोन पुरले असते. वीज नव्हती.

जिल्हाधिकारी बाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "दवाखाने, पाण्याचे पंप, सगळ्यांचा कोटा मी आधीच अर्ध्यावर आणलाय. राज्याकडे मागून झालं, शेजारच्या जिल्ह्यांची गारवा केंद्रं भरलेली आहेत. तुमच्या लाइनची वीज मूळची प्लांटची, गोदामाला तुम्ही देता. खटका तुमच्या पॅनेलवर आहे, बोडके."

असे हात वर केलेले मी कुणाचे पाहिले नव्हते. पण बाई खोटं बोलत नव्हत्या.

टँकर गाळ ओतायला लागले तेव्हा मी गोदामात गेले. आत गार होतं. रांगेने खाटा, कुणी झोपलेलं, कुणी पोथी वाचत. मी मधोमध उभी राहून सांगितलं की केंद्र बंद करावं लागतंय, दोन-तीन आठवड्यांसाठी, गाळ धरला की वीज पाळीपाळीने परत देऊ, तोवर घरी प्रत्येकाला बर्फ आणि ओल्या चादरी पोचवू. शेवंताबाईंनी हातातले पत्ते गादीवर पालथे ठेवले आणि त्यांचा मुलगा जालिंदर, जो त्यांना भेटायला आला होता, मला म्हणाला, "मॅडम, आमच्या घरावर पत्रा हाय."

"दहिठण्यात लहान मुलं मरतायत, जालिंदर."

"मग? ही मरायची का?"

मी प्लांटवर जाऊन खटका वर केला. ब्लोअर घरघरले, कबुतरं उडाली आणि टाकीवर बुडबुडे आले.

अप्पांना मी घरी नेलं नाही. प्लांटवरच्या प्रयोगशाळेत उपकरणांसाठी एक छोटी वातानुकूलित खोली आहे, एक खाट जेमतेम मावेल एवढी. ती प्लांटच्याच लाइनवर चालते. मी तिथे खाट टाकली आणि अप्पांना मागच्या दाराने आणलं. हे योग्य आहे का, असा विचार केला नाही. बाप होता, ठेवला.

अप्पा कुरकुरले. वास येतो, भिंतीपलीकडे ब्लोअर ओरडतो, पत्ते खेळायला कुणी नाही. "शेवंताबाईंना तरी आण. पत्त्यात चोरी करते, पण बाई चांगली आहे."

"त्या घरी आहेत अप्पा. बऱ्या आहेत."

त्या बऱ्या नव्हत्या. चौथ्या दिवशी गेल्या, पत्र्याखाली, अंगावर ओली चादर असताना. त्यांच्या आधी गोदामातले तिघे गेले होते, नंतर आणखी गेले. मी अप्पांना सांगितलं नाही. खरमाटे चहा घेऊन गेले आणि बोलून बसले. मी आत गेले तेव्हा अप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवर माणसं आली. पुढे जालिंदर, डोकं भादरलेला. मागे पन्नासएक जण. मी त्यांच्यातल्या बहुतेकांना ओळखत होते. कुणाच्या वडिलांना, कुणाच्या आजीला मी गोदामात डब्यातली चटणी वाढली होती.

"ब्लोअर बंद करा मॅडम," जालिंदर म्हणाला. "राहिलेत त्यांना तरी गोदामात घेऊ."

"आत्ता बंद केला तर गाळ सडेल. आणखी आठ-दहा दिवस द्या. अमोनिया उतरायला लागलाय."

"तुमचे अप्पा कुठं हायेत?"

मी गेटची कडी लावून घेतली.

"तुमच्या घराला कुलूप हाय. मी रोज बघतोय." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. "उद्या सकाळी येतो. तुमचे अप्पा तुमच्या घरात दिसले, तर आमच्यावर आलं ते तुमच्यावरबी आलं असं समजून आम्ही गप बसू. न्हाई दिसले, तर आत येऊन आम्ही खटका पाडणार. पोलीस बोलवा न्हाईतर कुणालाबी बोलवा."

मी प्रयोगशाळेत आले. काय सांगायचं ते जुळवत होते. बाहेरगावी पाठवले, दवाखान्यात ठेवले, काहीही. अप्पा खाटेवर उठून बसले होते आणि पायात चप्पल शोधत होते. खिडकी गेटच्याच बाजूला आहे.

"रिक्षा बोलाव, रेवा."

"अप्पा, डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक आहे ना?"

"मला सांगतेस? हृदय माझंय."

"मी त्यांना काहीतरी सांगेन. ते आत नाही येणार."

"येतील. मी त्यांच्या जागी असतो तर आलो असतो." त्यांनी चप्पल सापडल्यावर दम घेतला. "किती दिवस लागतील तुझ्या गाळाला?"

"आठ. दहा."

"काढतो की. नाही निघाले तर नाही." मग ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मी खांबावर चढायचो तेव्हा खाली स्विचपाशी माणूस उभा करायचो. तो तिथं आहे या भरवशावर तारेला हात लावायचो. कधी कधी खाली काय काय व्हायचं, भांडणं, पाऊस, कुणाच्या घरून निरोप यायचा. चांगला माणूस असेल तर हलायचा नाही. तू तिथनं हलू नकोस. घरी माझ्यापाशी बसायला येऊ नकोस."

मी त्यांना मारून-मुटकून ठेवायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. मी रिक्षा बोलावली.

अप्पांनी घरात आतल्या खोलीत बसायचं नाकारलं. दाराशी खुर्ची टाकून बसले, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील असे. दुपारी तिथे उन्हाची झळ थेट यायची. खरमाट्यांच्या पत्नी कमलताई त्यांच्या सोबतीला होत्या, त्यांच्या डोक्यावर ओला पंचा ठेवायच्या. जालिंदर सकाळी आला, अप्पांना बघितलं, मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशीही आला. अप्पा त्याला म्हणाले, "बस की, पत्ते टाकू." तो बसला नाही.

गाळ धरत होता. जारमध्ये पहिल्यांदा बोटभर स्वच्छ पाणी दिसलं त्या दिवशी खरमाट्यांनी जार देव्हाऱ्यात ठेवावा तसा माझ्या टेबलावर ठेवला. अमोनिया निम्म्यावर आला होता. दहिठण्याच्या नळाला अजून क्लोरीन टिकत नव्हतं, पण नदीचा रंग बदलला होता. तिथला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, असेच अजून थोडे दिवस."

सहाव्या दिवशी भर दुपारी कमलताईंचा फोन आला. "अप्पा बोलत न्हाईत हो. अंग भाजतंय, पर घाम न्हाई. डॉक्टर आलेत, बोला."

डॉक्टर घाईत होते. "उष्माघात आहे. दवाखान्यात जागा नाही, आणि असती तरी तिथला एसी बंद आहे. गार खोली पाहिजे, लगेच. आहे का तुमच्याकडे कुठे?"

होती. मी तिच्या दारातच उभी होते. आत खाट तशीच होती, चादरीसकट. घर प्लांटपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी म्हणाले असते तर खरमाट्यांनी अप्पांना उचलून आणलं असतं. आणि गल्लीने ते बघितलं असतं. मग माणसं आली असती, खटका पडला असता, जार पुन्हा पांढरा झाला असता आणि दहिठण्यातली पोरं तशीच राहिली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. इतकं स्पष्ट दिसलं याचाच मला संताप आला.

"मॅडम? आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "घरीच ठेवा. पाणी मारत राहा."

खरमाटे माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते बाहेर गेले आणि टाकीच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी ब्लोअरच्या खोलीत जाऊन पॅनेलसमोर स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. दुसरा फोन येईपर्यंत मी तिथेच होते.

घरी पोचले तेव्हा अप्पांना खाली घेतलेलं होतं. गल्लीतली माणसं जमली होती, गेटवर आलेलीही त्यांच्यातच होती. बायकांनी मला जवळ घेतलं. मी रडले का ते मला आठवत नाही. तिरडी बांधत असताना खरमाटे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, कुरेशीचा फोन आला होता, दहिठण्यात आज सकाळपासून नळाला क्लोरीन टिकतंय, त्याच्या नातवाला उद्या घरी सोडतायत. मी मान हलवली. आणखी तीन-चार दिवस काढले असते अप्पांनी, तर गाळ पुरता धरला असता, गोदामाला पाळीपाळीने वीज देता आली असती आणि गेट उघडं टाकून त्यांना खुशाल आत आणता आलं असतं.

जालिंदर पुढे आला. त्याने अप्पांना हात जोडले, बराच वेळ. मग माझ्यासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता कुणी काय बोलणार न्हाई मॅडम. तुमी चालू ठेवा."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी म्हटलं, "हो."

तिरडी उचलताना त्याने पुढचा खांदा दिला. मी त्याला नको म्हणू शकले नाही. त्याची आई याच गल्लीतून नेली तेव्हा मी प्लांटवर होते.